रोखलं कोणी

केरू हिलमचं वकीलपत्र घ्यायला रोह्यात कोणी तयार नव्हतं. एकानं तारखा जमत नाहीत म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं की त्याचे निम्मे पक्षकार त्याच गावचे आहेत. शेवटी विधी सेवा समितीच्या यादीतून पेणच्या प्रणिता घरतचं नाव निघालं. तिला सनद मिळून दीड वर्ष झालं होतं. आतापर्यंत तिनं पोटगीचे अर्ज, दोन जामीन आणि मोटरसायकलच्या अपघाताची एक केस एवढंच केलं होतं. अपघाताच्या केसमध्ये उलटतपासणी करताना तिचे सिनियर ठाकूर सर शेजारी बसून चिठ्ठीवर प्रश्न लिहून देत होते.

केरू हा निडीजवळच्या नदीकाठच्या कातकरी वाडीतला भगत. वय साठीच्या पुढे. साप चावला, विंचू चावला की आसपासच्या गावांतले लोक त्याच्याकडे यायचे. गेल्या कार्तिकात भातकापणीच्या दिवसांत सुरभी नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला शेतात साप चावला. दुपारी तीनच्या सुमाराला घरच्यांनी तिला केरूकडे नेलं. रोह्याच्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा साडेसहा वाजले होते. आठ वाजता ती गेली.

दुसऱ्या दिवशी गावातले तीस-चाळीस जण वाडीत शिरले. त्यांनी केरूच्या घराचा कूड मोडला आणि त्याला मारलं. सुरभीच्या आजोबांनी, गणेश यांनी फिर्याद दिली. साप चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. त्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली केरूला अटक झाली. सोबत निष्काळजीपणाचंही कलम लागलं. जामीन व्हायला दोन महिने गेले.

प्रणितालाही या माणसाबद्दल सहानुभूती नव्हती. कॉलेजात असताना तिनं सर्पदंशावरच्या एका पथनाट्यात काम केलं होतं. त्यात भगताची भूमिका तिचीच होती. अंगाला राख फासून ती पेणच्या बाजारात, हमरापूरच्या गणपती कारखान्यांपुढे ओरडली होती आणि लोक हसले होते. कागद हातात आले तेव्हा तिला वाटलं, हा माणूस सुटू नये. तसं ती ठाकूर सरांना म्हणालीही. सर म्हणाले की सुटावा की नाही ते कोर्ट बघेल, तू फक्त सिद्ध झालंय का ते बघ.

ती वाडीवर गेली तेव्हा केरूची बायको शकू नवा कूड लिंपत होती. केरू ओट्यावर बसला होता. मार लागलेला हात अजून वर जात नव्हता. प्रणितानं त्याला त्या दिवशी काय झालं ते क्रमानं सांगायला सांगितलं. तो सांगत गेला, मध्ये मध्ये थांबून.

मुलीला आणलं तेव्हा तिच्या घोट्यावर दोन दातांच्या खुणा होत्या आणि रक्त थांबत नव्हतं. त्यावरून त्यानं ओळखलं की घोणस आहे. चार वर्षांपूर्वी असाच एक गडी त्याच्या दारात मेला होता. तेव्हापासून त्याला ठाऊक होतं की घोणशीला आपली मुळी चालत नाही. त्यानं म्हाताऱ्याला सांगितलं की हिला रोह्याला न्या. धाटावच्या कारखान्यांची पहिली पाळी सुटली होती. कंपनीची बस रस्त्यानं येणार होती. तो स्वतः रस्त्यावर गेला आणि हात करून बस थांबवली.

"मग?" प्रणितानं विचारलं.

"म्हातारा नाय म्हनला. त्याची बायको दवाखान्यात मेलेली, आदल्या साली. म्हनला, तिथं नेलेला मानूस माघारी येत नाय. तुझ्या बापानं माझ्या बापाला उठवला, तू हिला उठव."

"मग तुम्ही काय केलंत?"

शकूनंच उत्तर दिलं की बस निघून गेली आणि यानं मुळी उगाळली.

"नाय उगाळली असती तर ते तिला डोंगरातल्या भगताकडं घेऊन गेले असते," केरू म्हणाला. "ते आनखी लांब. मला वाटलं, जरा करतो, म्हातारा शांत झाला की परत सांगतो."

तो किती वेळ बसला होता, असं प्रणितानं विचारलं. त्याला घड्याळ कळत नव्हतं. सावली आंब्यापर्यंत गेली तोवर, असं त्यानं सांगितलं. शकू म्हणाली, दीड-दोन तास. नंतर मुलीच्या हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा म्हातारा घाबरला आणि रिक्षा आणली गेली.

परतीच्या गाडीत प्रणितानं वहीत एकच शब्द लिहून त्याखाली रेघ मारली: रोखून. कायद्यात तो शब्द होता. मंत्र म्हणणं, दोरा बांधणं पुरेसं नव्हतं. उपचारापासून रोखलेलं असायला हवं होतं. आणि रोखलं कोणी, हे पाहिलेली माणसं चारच होती. केरू आरोपी, शकू त्याची बायको, गणेश फिर्यादी. चौथी सुरभीची आई, वैशाली. बसमधलं कोणी साक्ष द्यायला येईल म्हणून प्रणितानं धाटावला दोन फेऱ्या मारल्या. एकाला म्हातारा भगत हात करत उभा होता एवढं आठवत होतं, पण गावाविरुद्ध कोर्टात उभं राहायला तो तयार नव्हता.

वैशालीचा पोलिसांपुढचा जबाब चार ओळींचा होता. साप कुठे चावला, किती वाजता चावला, मुलीनं कोणता फ्रॉक घातला होता. केरू काय म्हणाला, याबद्दल त्यात काहीच नव्हतं.

"तिला काही विचारू नकोस," ठाकूर सर म्हणाले. "म्हाताऱ्याच्या साक्षीत विसंगती काढ, तेवढ्यावर युक्तिवाद कर. आईचं मूल गेलंय. ती काय बोलेल ते तुला ठाऊक नाही, आणि ती रडली की तुझी केस संपली."

प्रणिताला ते पटत होतं.

रोह्याच्या कोर्टात साक्षीपुराव्याला सुरुवात झाली तेव्हा मागचे बाक गावातल्या लोकांनी भरले होते. पहिल्यांदा डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं की पहिल्या तासाभरात लस मिळाली असती तर मुलगी वाचण्याची शक्यता बरीच होती. प्रणितानं त्यांना काही विचारलं नाही. मग गणेश पिंजऱ्यात आले. उंच, वाळलेला माणूस, धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी. त्यांनी शपथेवर सांगितलं की भगतानं बजावलं होतं, दवाखान्याचं औषध दिलं तर माझा मंत्र चालणार नाही.

प्रणिता उलटतपासणीला उठली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला होता की न्यायाधीशांना मोठ्यानं बोला म्हणून सांगावं लागलं. तिनं बसबद्दल विचारलं. बस आलीच नाही, असं गणेश म्हणाले. पत्नीच्या आजारपणाबद्दल विचारल्यावर सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी प्रश्न असंबद्ध ठरवला आणि ती पुढचा प्रश्न विसरली. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. ती बसली तेव्हा गणेश यांच्या साक्षीला साधा ओरखडाही आला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीनंतर वैशालीला बोलावलं गेलं. तिशीच्या आतली बाई, डोक्यावर पदर. सरकारी वकिलांनी तिला पाच मिनिटांत मोकळं केलं. साप कधी चावला, भगताकडे कधी पोचलो, दवाखान्यात कधी. तिनं तिन्ही वेळा बरोबर सांगितल्या. न्यायाधीशांनी प्रणिताकडे पाहून विचारलं, उलटतपास आहे का?

नाही म्हणायचं, असं ठरवून ती उठली होती. पण वैशाली तिच्याकडे बघत होती. दिवसभरात गावातल्या कोणीच प्रणिताकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

"आहे," प्रणिता म्हणाली.

तिनं विचारलं की वाडीवर पोचल्यावर सुरभी कोणाजवळ होती. माझ्या मांडीवर, वैशाली म्हणाली. केरूनं जखम पाहिली का? पाहिली.

"जखम पाहिल्यावर तो काय म्हणाला?"

वैशालीनं मागे पाहिलं. पहिल्या बाकावर तिचे सासरे बसले होते. सरकारी वकील उठून म्हणाले की साक्षीदाराच्या जबाबात याबद्दल काही नाही. न्यायाधीशांनी सांगितलं की जबाबात नसेल, पण ती तिथे हजर होती. उत्तर देऊ द्या. प्रणिताला वाटलं, ही आता रडेल. वैशाली रडली नाही.

"म्हनला, घोणस हाय. माझ्याच्यानं होणार नाय, रोह्याला न्या."

न्यायाधीशांनी ते वाक्य टंकलेखकाला सांगितलं. टाइप होईपर्यंत वैशाली थांबली.

"मग बस आली का?"

"आली. त्यानंच थांबवली. मी पोरीला उचलून उभी राहिले होते. मामांनी माझा हात धरला." सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "म्हनले, खाली बस. माझी पोर मला दवाखान्यात मारायची नाय."

मागे कुजबुज झाली. न्यायाधीशांनी वर पाहिल्यावर ती थांबली. गणेश मान खाली घालून बसले होते.

"केरूनं तुम्हाला जाण्यापासून रोखलं का?"

"नाय."

प्रणिताला हवं होतं ते मिळालं होतं. ती बसायला वळली तेव्हा वैशाली पुन्हा बोलली. आता ती कोणाच्या प्रश्नाला उत्तर देत नव्हती.

"मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. मीपन बसले."

न्यायाधीशांनी तिला हळू आवाजात सांगितलं की झालं, तुम्ही आता जाऊ शकता. ती पिंजऱ्यातून उतरली आणि बाकांकडे न जाता बाहेरच्या दारानं गेली.

चार दिवसांनी वैशाली एकटीच पेणला सरांच्या ऑफिसात आली. तिला तिच्या साक्षीची नक्कल हवी होती. तिचा नवरा जितेश धाटावच्या कंपनीत होता. साप चावला त्या दिवशी तो पाळीवर होता आणि साक्षीच्या दिवशीही. घरी सासरे म्हणत होते की वकिलीणबाईनं हिला पढवलं. दीर बोलत नव्हते. जितेशही काही विचारत नव्हता, पण तो जेवणाचं ताट तसंच सारून उठायचा. कोर्टाचा शिक्का असलेला कागद त्याला दाखवायचा, असं तिनं ठरवलं होतं.

प्रणितानं सांगितलं की मी आरोपीची वकील आहे, तुम्ही माझ्या ऑफिसात आलेलं बरं दिसणार नाही. मग तिनं वैशालीला समजावलं की रोह्याच्या कोर्टात स्वतः अर्ज कसा करायचा, कुठल्या खिडकीवर द्यायचा, कोणत्या तारखेची साक्ष लिहायची. वैशालीनं ते सगळं मोबाइलवर टिपून घेतलं.

जाताना तिनं विचारलं, "मी शेवटी बोलले ते लिवलंय का त्यात?"

ते प्रश्नाचं उत्तर नव्हतं, म्हणून घेतलेलं नाही, प्रणितानं सांगितलं. वैशाली म्हणाली की मग तेवढं मी तोंडानं सांगेन.

निकाल जूनमध्ये लागला. आरोपीनं उपचारापासून रोखल्याचं सिद्ध होत नाही, मयत मुलीच्या आईची साक्ष विश्वासार्ह वाटते, सबब दोन्ही कलमांतून निर्दोष मुक्तता. गणेश त्या दिवशी आले नव्हते. गावातून दोनच माणसं आली होती, तीही निकाल वाचून होताच निघून गेली. कोर्टाच्या आवारात पेणच्या एका संस्थेचे गृहस्थ प्रणिताला भेटले. पथनाट्य बसवणाऱ्यांपैकीच ते एक होते. ते म्हणाले, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. उद्या हाच माणूस पुन्हा दोरे बांधायला बसेल. प्रणिता म्हणाली की बसला तर तुम्ही तक्रार करा, तेव्हा मी त्याची वकील नसेन. बोलून झाल्यावर तिला वाटलं, आपण बरोबर बोललो का, हे आपल्यालाही नक्की ठाऊक नाही.

केरू आणि शकू फाटकापाशी थांबले होते. सुटल्याचा आनंद शकूच्या तोंडावर दिसत होता. ती प्रणिताच्या पाया पडायला वाकली, प्रणितानं तिला अडवलं. केरू चपला हातात घेऊन उभा होता.

"बाई, एक विचारू?"

"विचारा, काका."

"म्या मुळी घासलीच नसती, नुसता म्हातार्‍याशी भांडत बसलो असतो, तर ती वाचली असती?"

डॉक्टर काय म्हणाले होते, ते प्रणिताला शब्द न् शब्द आठवत होतं. केरू ती साक्ष आरोपीच्या जागी उभा राहून ऐकत होता. त्यालाही ती आठवत असणार.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित."

त्यानं मान हलवली. खोटं काही सांगितलं नाही म्हणून की काय, तो जरा सैल झाल्यासारखा दिसला. मग तिघं चालत स्टँडवर गेली. नागोठण्याकडे जाणारी गाडी लागली होती. शकूनं आधी चढून खिडकीची जागा धरली.

पुढच्या पावसाळ्यात शकू रेशनकार्डाच्या कामासाठी पेणला आली तेव्हा प्रणितानं केरूची चौकशी केली. लोक अजून येतात, शकू म्हणाली. मार खाल्ला तरी येतात, कोर्टातून सुटला म्हणून तर जास्तच येतात. त्यांना वाटतं, याच्यात काहीतरी असणार. कोणी मूल उचलून बांधावरून येताना दिसलं की केरू त्यांच्या आधी रस्त्यावर जाऊन उभा राहतो आणि जी गाडी दिसेल तिला हात करतो. दोघं-तिघं अशी दवाखान्यात गेली. एक जण शिव्या देऊन दुसऱ्या भगताकडे गेला.

"आणि वैशाली?" प्रणितानं विचारलं.

वैशाली आणि जितेश रोह्यात खोली घेऊन राहतात, असं शकूनं ऐकलं होतं. म्हातारा गावातच असतो. दुपारी तो एकटाच शेताच्या बांधावर बसतो. एकदा शकू लाकडं घेऊन त्याच्या समोरून गेली तेव्हा त्यानं तिला हाक मारली होती. पाणी हवंय का म्हणून विचारलं, आणि तांब्या पुढे केला. शकू प्यायली आणि पुढे गेली. बोलणं असं काही झालं नाही.