अदेमारच्या हातातला डबा

अदेमार जिवंतपणी माझ्या गाडीवर कधीच बसला नाही. "तुझ्या चाकांवर माझा भरवसा नाही, जेनिवाल," असं तोंडावर सांगायचा. मेल्यावर मात्र त्याचा नाइलाज झाला.

माझी गाडी म्हणजे दोन सायकली शेजारी शेजारी जोडून मधे लोखंडी सांगाडा टाकलेला. चार चाकं, दोन सीटं, दोघांनी मिळून पायडल मारायचं. नदीकाठच्या चिखलात खांब रोवून आमचं गाव उभं आहे आणि गावातले रस्ते फळ्यांचे आहेत, त्यामुळे मोटार सोडाच, फटफटीसुद्धा इथे चालत नाही. नवरी असो, आजारी माणूस असो, मकापा शहराहून बोटीनं आलेला फ्रीज असो किंवा शवपेटी, सगळं माझ्या गाडीवरूनच जातं.

अदेमार गावचा पंक्चरवाला. पण दुसऱ्याचं पंक्चर काढण्यापेक्षा ज्यानं त्यानं आपलं आपण काढावं, याचीच त्याला जास्त हौस. स्वतःच्या धंद्याच्या मुळावर उठलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पेरूच्या वडीचा पत्र्याचा चपटा डबा घ्यायचा. त्यात अकरा पॅच, सोल्युशनच्या दोन ट्यूबा, पॉलिश पेपरचा तुकडा, टायर उचकटायच्या तीन पट्ट्या आणि एक वॉल्व्ह. हा डबा प्रत्येकाच्या सायकलवर हवा आणि तो तयार हवा. नुसता असून भागायचं नाही. दर शनिवारी अदेमार धक्क्याजवळच्या फळ्यांवर आडवा उभा राहायचा आणि येईल त्याला अडवायचा. "डबा दाखव."

एकदा त्यानं दोना क्लेउझाला, म्हणजे क्लेउझाबाईला, अडवलं. ती गावची सुईण आणि प्रार्थनाही तीच सांगते, कारण पाद्री दोन महिन्यांतून एकदा येतो.

"अरे मेल्या, बाई अडलीय तिकडे! सोड मला!"

"पोर तुझ्यावाचूनही येईल, दोना क्लेउझा. वाळलेलं सोल्युशन मात्र आपोआप मऊ होत नाही. टोपण काढ."

पोर खरंच तिच्यावाचून आलं. तिनं ते त्याला कधी माफ केलं नाही.

त्याचं सगळ्यात मोठं भांडण मात्र मेहुण्याशी. बेलारमिनो म्हणजे त्याच्या बायकोचा, झुल्मिराचा, धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी त्यानं अदेमारचा डबा उसना नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. पण सोल्युशनचं टोपण सैल राहिलं होतं. ट्यूबचा दगड झाला. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. अरुंद फळ्यांवर समोरासमोर आले की कोणी बाजूला व्हायचं नाही. दोघं आपापल्या सायकली धरून उभे, मागे दोन्ही बाजूंना रांगा. शेवटी कोणीतरी त्यातली एक सायकल मालकासकट उचलून बाजूला ठेवायचं.

तर असा अदेमार मार्चच्या एका दुपारी वाडगाभर आसाई, म्हणजे ताडाच्या जांभळ्या फळांचा दाट गर, पिऊन टांगलेल्या झोळीत आडवा झाला, तो उठलाच नाही. एकाहत्तर वर्षांचा होता. मरायच्या आधी कितीतरी वर्षं त्यानं बायकोला बजावून ठेवलं होतं, "पुरताना डबा माझ्या हातात द्यायचा." तिनं दिला. दोन्ही हात डब्यावर ठेवून, स्क्रू आवळून पेटी बंद केली.

दिवस उधाणाचे होते. तीननंतर पाणी फळ्यांवर यायला लागतं आणि दफनभूमी गावाबाहेर पाऊण तासावर, उंचवट्यावर. म्हणून दोनलाच निघायचं ठरलं. माझा जोडीदार तापानं फणफणला होता. मी चिंतेत उभा, तोवर इस्त्रीचा सदरा घातलेला बेलारमिनो आला आणि डाव्या सीटवर बसला. झुल्मिरानं त्याच्याकडे पाहिलं. "सावकाश चालव," एवढंच म्हणाली.

मागे साठ-पासष्ट सायकली. गाव संपलं की फळ्यांची वाट इतकी अरुंद होते, की माझी गाडी जेमतेम मावते. दोन्ही बाजूंना खाली चिखल. निम्मी वाट झाली असेल, तेव्हा मागच्या उजव्या चाकातून आवाज आला. सुस्कारा टाकल्यासारखा, लांबलचक. पेटी उजवीकडे कलली.

मी उतरलो. टायरमध्ये फळीचा गंजका खिळा.

"कोणाकडे डबा आहे का?" मी ओरडलो.

मग एकेक डबा निघायला लागला आणि माझी खात्री आहे, आमच्या गावाला इतकी लाज कधीच वाटली नसेल. एकाच्या डब्यात गळ होते. एकाचे पॅच वाळक्या पानासारखे वळलेले. दोना क्लेउझाच्या डब्यात जपमाळ आणि नारळाच्या तीन वड्या. सोल्युशनच्या ट्यूबा तर सगळ्यांच्याच कडक, टाळक्यावर मारल्या असत्या तर खोक पडली असती. माझ्या डब्यात काय होतं ते सांगतो. डॉमिनोच्या सोंगट्या. डबा वाजू नये म्हणून मी तो घट्ट धरून ठेवला.

"हळू बोला," मागून कोणीतरी म्हणालं. "त्याला ऐकू जाईल."

पेटी खांद्यावर घ्यावी तर सहा माणसांचं वजन एका जागी आलं की त्या फळ्या मोडणार. तसंच ओढावं तर रिम फळ्या फाडणार. गावात परतावं तर मागे पासष्ट सायकलींची रांग, वळायला कोणालाच जागा नाही. आणि खाली चिखलावर पाणी चमकायला लागलं होतं.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा पेटीकडे वळल्या. शेवटी झुल्मिराच म्हणाली, "स्क्रू काढा."

"अगं बाई, पाप लागेल!" दोना क्लेउझा पुढे झाली. "खिळे ठोकलेली पेटी उघडायची नसते."

"खिळे नाहीत, स्क्रू आहेत."

"स्क्रू आहेत?"

"सहा."

दोना क्लेउझानं जरा विचार केला. "स्क्रूबद्दल मला काही माहीत नाही," असं म्हणून ती मागे सरकली.

मी आणि बेलारमिनोनं झाकण उचललं. अदेमार तसाच होता, भुवया आक्रसलेल्या, 'दाखव' म्हणण्याच्या बेतात. झुल्मिरानं डब्याला हात घातला. डबा सुटेना. तिनं पुन्हा ओढला. बोटं ताठ.

"सोडा," ती म्हणाली. "पंक्चर झालंय."

बोटं जागची हलली नाहीत.

"अहो, तुमचंच पंक्चर आहे! दुसऱ्या कोणाचं नाही. काम झालं की परत देते." मग ती वाकली आणि अगदी कानाशी म्हणाली, "टोपण घट्ट लावते." आणि एकेक बोट हलकेच उचलत तिनं डबा काढून घेतला. कोणी हसलं नाही. मला वाटतं, तिनं शब्द दिला नसता तर तो डबा निघाला नसता, असं तिथल्या प्रत्येकाला वाटत होतं.

पुढचं पाहून मी चाट पडलो. झुल्मिरा फळीवर मांडी घालून बसली. पट्ट्यांनी टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, मला तीत थोडी हवा भरायला लावली, खाली हात घालून ओंजळभर पाणी घेतलं आणि ट्यूबवर ओतून बुडबुडे पाहिले. भोक सापडल्यावर मी म्हणालो, "चला, सुटलो."

"एक सापडलं की दुसरं शोधायचं," ती मान वर न करता म्हणाली. दुसरंही सापडलं. तिनं दोन्ही जागा घासल्या, सोल्युशन लावलं आणि थांबली. पाणी फळ्यांना खालून थापा मारत होतं. मागची माणसं चुळबुळायला लागली. "लाव ना आता!" "वाळू दे," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या पेटीला टेकून फुंकर घालत बसली. मग दोन पॅच दाबून बसवले. मी पंपानं हवा भरली. टायर टणक झाला. मागे टाळ्या वाजल्या, मग प्रसंग आठवून थांबल्या.

डबा पेटीत ठेवायची वेळ आली, तेव्हा झुल्मिरा अडली.

"नऊच पॅच राहिले," ती म्हणाली. "आणि सोल्युशनची ट्यूब फोडलेली."

"मग?"

"मग काय? असा डबा त्यांच्या हातात देऊ? हा तयार आहे का?"

"दोना झुल्मिरा," मी म्हणालो, "पाणी आलं. तिथे कोण तपासणार आहे?"

"ते स्वतः तपासतील! जन्मभर दुसरं काय केलं?" आणि इतका वेळ कोरडी राहिलेली ती बाई आता रडायला लागली. नवरा गेल्याचं रडू होतं की दोन पॅच कमी असल्याचं, ते मला सांगता यायचं नाही. मकापाहून नवं सोल्युशन येईपर्यंत पेटी पुरायची नाही, असंही म्हणाली. तीन दिवस लागतात. पाणी आता फळ्यांच्या फटींतून वर येऊन आमच्या चपला भिजवत होतं.

तेव्हा बेलारमिनोनं सदऱ्याची दोन बटणं काढली आणि आतून पेरूच्या वडीचा डबा बाहेर काढला. उघडला. अकरा पॅच. दोन ट्यूबा, सील न फोडलेल्या. कोरा पॉलिश पेपर. सगळं जिथल्या तिथे.

"तुझ्याकडे होता?" मी किंचाळलोच. "मेल्या, आम्ही इथे पेटी उघडली! मेलेल्या माणसाची बोटं सोडवली! आणि तू बाजूला उभा राहून बघत होतास?"

"होता," बेलारमिनो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, बहिणीकडे पाहिलं. "ताई, तूच सांग. माझ्या पॅचवर ते पुढे गेले असते?"

झुल्मिरानं डोळे पुसले. पेटीतल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. तिनं खरोखर विचार केला.

"नसते गेले," ती म्हणाली.

मागे माना हलत गेल्या. नसता गेला, नसता गेला. पासष्ट माणसांचं त्यावर एकमत झालं. गावात इतकं एकमत मी निवडणुकीतही पाहिलं नाही.

बेलारमिनोनं दोन पॅच आणि एक कोरी ट्यूब अदेमारच्या डब्यात ठेवली. झुल्मिरानं ट्यूब उचलून टोपण पिळून पाहिलं. मग दुसऱ्यांदा. डबा हाताखाली गेला, झाकण बसलं, सहा स्क्रू आवळले आणि आम्ही पायडल मारायला लागलो. घोट्याएवढ्या पाण्यातून फळ्या दिसत नव्हत्या. कडेला वर आलेल्या खांबांच्या अंदाजानं चाललो. बेलारमिनो इतक्या नेटानं पायडल मारत होता की गाडी सारखी उजवीकडे ओढ घ्यायची. दफनभूमीत पोचलो तेव्हा खड्ड्याच्या कडेला पाणी टेकलं होतं. दोना क्लेउझानं प्रार्थना अर्ध्यावर आणली. "बाकीचं देवाला पाठ आहे," म्हणाली.

परतताना झुल्मिरा पेटीच्या रिकाम्या जागेवर, पाय लांब करून बसली होती. गावात शिरल्यावर पहिलं घर बेलारमिनोचं. "इथेच थांब," ती मला म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही." बुडालेल्या पायऱ्यांवरून भावानं तिला हात धरून वर घेतलं. मलाही वर बोलावलं. त्याच्या बायकोनं आसाईचे वाडगे, कसाव्याच्या कंदाचा भाजका रवा आणि तळलेली कोळंबी पुढे ठेवली.

झुल्मिरानं पहिला घोट घेतला आणि वाडगा खाली ठेवला.

"आसाई पातळ झालीय गं," ती वहिनीला म्हणाली, आणि ती संपवून आणखी एक वाडगा मागितला.