कराचीच्या कप्तानासाठी दुआ

खलाशी कासीमची बोट बुडाल्याची बातमी आली, तशी त्याच्या आईच्या, सरदारबीच्या दारात माणसांची रीघ लागली. मुंबईहून बसऱ्याला चहा घेऊन निघालेली बोट मस्कतजवळ वादळात सापडली होती. सोलापुरात समुद्र पाहिलेलं माणूस दिवा घेऊन शोधावं लागेल, पण पोरगा गेला हे सगळ्यांनी ठरवूनसुद्धा टाकलं! सरदारबी तेवढी ऐकेना. मयत दाखवा, मग रडते, म्हणायची.

थोरला दीर पीरसाब म्हणजे घरात शेवटचा शब्द. त्याचा पोरगा रसूल एकाहत्तरला पाकिस्तानशी झालेल्या लढाईत गेलेला. खोट्या आशेवर माणूस झुरतं हे त्यानं भोगलं होतं. शुक्रवारी कासीमला मयत धरून त्याचा फातेहा पढायचा आणि सुनेच्या, अजीजाच्या, हातातल्या बांगड्या उतरवायच्या, असं त्यानं सांगून टाकलं. पण सरदारबी बाई मोठी खट! बांगड्या उतरवायला आलेल्या बायकांना तिनं उंबराच ओलांडू दिला नाही.

अंगणात माणसं बसली, ऊद पेटला, आणि सात रस्त्यावरचा दुकानदार चनमल्लप्पा धापा टाकत आला. दुकानात मुंबईहून फोन होता. सरदारबी अनवाणीच पळाली. घाईत फोन उलटा धरला, तरी "अम्मा" एवढं ऐकू आलंच.

कासीमनं सगळं सांगितलं. बुडत्या बोटीची हाक मस्कतनं वायरलेसवर ऐकली, मुंबईला कळवली, कराचीला कळवली. आपल्या विमानानं त्यांना लाटांत हुडकलं. सगळ्यांत जवळ कराचीची बोट होती. तिच्या कप्तानानं, याकूबनं, भर वादळात ती मागं वळवली आणि एकूण एक माणूस वर ओढून मस्कतला पोचवलं. तिथून कासीम आता मुंबईला आला होता.

सरदारबी परतली ती ओरडतच. अजीजा रडता रडता हसायला लागली, अंगणात नुसता कल्लोळ. पण वाचवलं कुणी हे ऐकल्यावर सगळे पीरसाबकडं बघायला लागले. सरदारबी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "भावजी, आता दुआ मागा. त्या कप्तानाचं नाव घिऊन."

"वादळातच वळवली बोट?" पीरसाबनं विचारलं.

"व्हय."

पीरसाबनं हात वर केले. गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात त्यानं पहिलं नाव याकूबचं घेतलं. मग कासीमचं. आणि चार वर्षांत एकदाही तोंडातून न निघालेलं रसूलचं नावही घेतलं. सगळ्या गल्लीनं आमीन म्हटलं.