काळ्या काठाचा लिफाफा

मित्रांनो, मी एक जुना लिफाफा आहे. माझ्या चारही काठांना काळी पट्टी आहे, कारण आमची जातच सुतकाची. माणूस गेल्याचा निरोप न्यायचा, एवढंच आमचं काम. ऑस्ट्रेलियातल्या एका खाणावळीत मी वर्षभर खणात पडून होतो. मालकीण विधवा, नवऱ्याच्या सुतकातला मी शेवटचा उरलेला.

तिच्याकडे डिगरी नावाचा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा खाणकामगार राहायचा. दर महिन्याला तो स्वतःच्या हाताने घरी पत्र लिहायचा. एके दिवशी तांब्याच्या खाणीत दगड कोसळून त्याचा उजवा हात चेचला. मग त्याने सांगितलं, मालकिणीने लिहिलं, आणि दुसरं पाकीट नव्हतं म्हणून मलाच पुढे केलं. बाई मनाची चांगली, पण डोकं म्हणून चालवलं नाही.

सहा आठवडे बोटीत हेलकावे खात मी कॉर्नवॉलला त्याच्या घरी पोचलो. बायकोने, लव्हडेने, आधी काळी किनार पाहिली, मग परकं अक्षर. मला टेबलावर ठेवून ती लांब उभी राहिली.

"उघड गं," सासू जेनिफर म्हणाली.

"नाही उघडणार. तोवर तरी तो आहे."

"असं करून माणूस परत येतो होय? मग परसातल्या मधमाश्यांना तरी सांगू दे. घरातलं मरण त्यांच्यापासून लपवलं तर त्या पेट्या सोडून जातात, आणि वर्षाच्या आत दुसरं माणूस जातं."

म्हातारी काळी फीत आणि दाराची किल्ली घेऊन परसात गेली. किल्लीने मधमाश्यांच्या पेटीवर तीनदा टकटक करायची, धनी गेला म्हणून सांगायचं आणि फीत बांधायची, अशी तिथली रीत. पहिली टकटक ऐकताच लव्हडे मला घेऊन धावली.

"थांबा आई. माझ्याआधी त्यांना नाही कळायचं."

तिने मला टरकन फाडलं. भराभर वाचत ती म्हणाली, "हाताला लागलंय. दोन बोटं गेली. बाकी बरा आहे म्हणतो."

"मेल्या, मग हा काळा कागद कशाला?" म्हणत म्हातारी रडता रडता हसू लागली.

लव्हडे हसली नाही. ती तारीख पाहत होती. "आई, हे सहा आठवड्यांपूर्वीचं आहे. जखम चिघळली असली तर?"

त्यानंतर चौदा दिवस घरात चूल पेटली, पण ताटं तशीच उरायची. शेजारणी मला पाहून तोंड फिरवायच्या. मला फार लाज वाटायची.

मित्रांनो, दूरच्या माणसाला लिहाल तेव्हा पाकीट एकदा त्याच्या डोळ्यांनी पाहा. आणि लिहायला उशीर करू नका. पंधराव्या दिवशी एक साधा पांढरा लिफाफा आला. पत्ता वाकडातिकडा, पोराने गिरवल्यासारखा होता. डिगरीने तो डाव्या हाताने स्वतः लिहिला होता.