मावळतीला लागलेला ठिपका

तिने नव्या छायाचित्रातून जुनं छायाचित्र वजा केलं. दोन्हींत जे सारखं होतं ते पुसलं गेलं आणि करड्या पडद्यावर एकच पांढरा ठिपका उरला. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ठिपका तिथंच होता.

"आला?" पलीकडच्या टेबलावरचा सहकारी खुर्ची सरकवत जवळ आला.

"आला," ती म्हणाली आणि गालाला हात लावून बसून राहिली.

अतिदूरच्या एका दीर्घिकेत फुटलेला तारा त्यांनी काही वर्षांपूर्वी पाहिला होता. त्याच्या वाटेत दीर्घिकांचा एक अवाढव्य समूह आडवा पडलेला. समूहाच्या गुरुत्वाने प्रकाश वाकत होता आणि निरनिराळ्या वाटांनी इकडे पोचत होता. लांबच्या वाटेने निघालेला प्रकाश अजून यायचा होता. म्हणजे तोच तारा, तोच स्फोट, समूहाच्या दुसऱ्या कडेला पुन्हा दिसणार हे ठरलेलं. वाद होता तो फक्त कधी याचा. समूहात न दिसणारं द्रव्य कुठे किती साचलंय, यावर सगळं अवलंबून. तिचं गणित म्हणत होतं, या हिवाळ्यात. दुसरं गणित म्हणत होतं, त्याच्या बरंच आधी, सूर्य त्या बाजूला असताना, जेव्हा दुर्बिणीला तिकडे बघताच येत नाही तेव्हा.

ते दुसरं गणित तिच्या दादाचं होतं. गच्चीवर तिला पहिला ग्रह दाखवणाराही तोच. लहानपणी दोघं कशावरूनही भांडायची आणि जेवायला एकत्र बसायची. पण भरसभेत तिने उठून "हे गणित घाईत केलंय" म्हटलं, तेव्हा तो भांडला नाही. कागद आवरून खाली बसला, तो बसलाच. आता बाबा इस्पितळात होते. दिवसा दादा, संध्याकाळनंतर ती. ती पोचायच्या आत तो निघून गेलेला असे. मोबाइलवर एवढंच: गोळी दिली. जेवले नाहीत. सलाईन बदललं.

सूर्य बाजूला सरकल्यानंतरची दोन छायाचित्रं आज एकत्र आली होती. पहिल्यातला ठिपका ठळक होता, नंतरच्यातला फिका. तिच्या गणिताप्रमाणे तो आता कुठे उजळायला लागायला हवा होता. म्हणजे प्रकाश आधीच, तिकडे बघता येत नसताना, येऊन पोचला होता.

"अजून दोन-चार येऊ द्यात," सहकारी तिच्याकडे न बघता म्हणाला. "इतक्यात कशाला कुणाला सांगायचं?"

तिने संगणक मिटला आणि पिशवीत घातला.

ती इस्पितळात शिरली तेव्हा दुपार कलत होती. दादा खुर्चीतच झोपला होता, मान एका खांद्यावर पडलेली. दाढी वाढली होती, आणि ती पांढरी होती. पावलांच्या आवाजाने तो दचकून उठला आणि सवयीने बॅग उचलू लागला.

"आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. ताप नाही."

"थांब जरा."

तिने संगणक उघडून त्याच्या मांडीवर ठेवला. तो एका छायाचित्रावरून दुसऱ्यावर गेला, परत आला, पुन्हा गेला.

"मावळतोय," तो म्हणाला.

"हो. तुझं बरोबर निघालं."

तो नाकातल्या नाकात हसला.

"मी ते मागे घेतलं."

"काय?"

"गेल्या महिन्यात कळवलं सगळ्यांना. माझ्या गणितात चूक असावी, धाकटीचं ग्राह्य धरा."

"पण चूक नव्हती!"

"नव्हती, असं दिसतंय."

"मग तुला माझं पटलं होतं?"

त्याने दोन्ही तळहातांनी डोळे चोळले. "या खुर्चीत बसून बसून मला काहीही पटायला लागलं होतं. दमलो होतो गं. म्हटलं, एक तरी भांडण मिटवून टाकावं."

तिला संतापायचं होतं. पण संतापायलाही अंगात जोर लागतो. ती पलंगाच्या कडेवर टेकली.

तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांचा हात पलंगाचा गज चाचपडू लागला.

"दोघंही आलात? डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही, बाबा. बरे आहात तुम्ही."

"खोटं नका बोलू. माझं काय ते सांगा."

दादाने तो हात धरला. "तो तारा दिसला बाबा. तेवढंच सांगायला आलीय ती."

"ताऱ्यासाठी?"

"ताऱ्यासाठीच."

बाबांचा श्वास भराभर चालला होता. त्यांनी दादाची बोटं घट्ट आवळली.

"मग भांडत का नाही तुम्ही?"

शेजारच्या पलंगाजवळ कुणीतरी पेला खाली ठेवला. मग ती वळली आणि नेहमीपेक्षा वरच्या आवाजात म्हणाली, "मला न विचारता मागे घेतलंसच कसं तू?"

दादाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

"तुला कशाला विचारायचं? गणित माझं होतं."

"आणि नाव माझं गोवलंस ना त्यात! शहाणाच आहेस."

"तू काय कमी शहाणी? भरसभेत उभी राहिली होतीस!"

"राहिले होते. परत राहीन."

ती बोलत राहिली, तो उत्तरं देत राहिला. बाबांनी डोळे मिटले. हळूहळू त्यांची बोटं सैल पडली, श्वास संथ झाला. तरी दोघं थांबली नाहीत. फक्त आवाज खाली आले.