गास अजून व्हायचंय

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं म्हणतात. ॲल्रॉयच्या बाबतीत बाशिंग अजून दुकानातून आलंच नव्हतं. जोआनाशी त्याचा साखरपुडा होऊन चार वर्षं झाली होती, आणि लग्न कधी या प्रश्नाला चारही वर्षं त्याचं उत्तर एकच होतं. ‘किनारा’ बाहेर पडला की लगेच.

‘किनारा’ म्हणजे कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ. खेळ म्हटलेलं ॲल्रॉयला खपत नसे. तो सिम्युलेटर म्हणायचा, आणि त्याला तो अधिकारही होता, कारण वैमानिकांना शिकवायच्या मोठ्या सिम्युलेटरांची देखभाल करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. ती नोकरी सोडून त्याने वसईजवळच्या गिरीज गावातल्या घरी, माडीवरच्या खोलीत, डहाणूपासून गोव्यापर्यंतचा अख्खा किनारा बसवायला घेतला. छोटं दोन आसनी विमान, खाली खाड्या, किल्ले, मिठागरं, गावं. जोडीला कॉलेजातला मित्र भावेश. हा जूचंद्रचा, दिवसा एका कंपनीत प्रोग्रामिंग करायचा आणि उरलेला वेळ या खोलीत घालवायचा.

गेलं वर्षभर दोघांत एकच काथ्याकूट चालला होता. भावेश म्हणायचा, आहे तसं बाहेर काढू. कच्चं आहे असं सरळ लिहू, किंमत कमी ठेवू, लोक चालवतील आणि काय चुकतंय ते सांगतील. स्वतःच्या घरातली कुठली फरशी हलते ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपला पाय तिच्यावर पडतच नाही. पाहुणा आला की तो नेमका तिथेच पाय देतो. ॲल्रॉयचं म्हणणं उलटं. सिम्युलेटरवर हाताला चुकीची सवय लागली तर ती खऱ्या विमानातही सुटत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय लोक पहिल्या भेटीत जे मत बनवतात ते कुणी नंतर पुसायला येत नाही. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. मधल्या काळात ॲल्रॉयच्या लक्षात आलं की विमानाच्या काचेवरचे पावसाचे थेंब खाली ओघळतात, वेगामुळे ते वर सरकायला हवेत. त्यात तीन महिने गेले. थेंब वर चढू लागले, तेव्हा बगळ्यांच्या पंखांचं निघालं.

हे सगळं जोआनाला ऐकून माहीत होतं, पाहून नाही. माडीवर तिला प्रवेशच नव्हता. पूर्ण झालं की सगळ्यात आधी तुलाच दाखवणार, असं ॲल्रॉयने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि तेव्हा ते तिला गोड वाटलं होतं. चौथ्या वर्षी ते गोड उरलं नव्हतं. ती यायची, खाली ॲल्रॉयच्या आईजवळ, इनेझ आंटींजवळ बसायची, चहा प्यायची, वरून विमानाचा आवाज ऐकायची आणि शेजारच्या गासला, आपल्या गावी, परत जायची.

जोआना फिजिओथेरपिस्ट होती. गुडघा बदललेल्या म्हाताऱ्यांना दुसऱ्याच दिवशी उभं करायचं, हे तिचं काम. ते ओरडायचे, आधी बरं तरी होऊ दे. ती सांगायची, चालल्याशिवाय बरं होत नाही. कामाच्या वेळी अंगठी काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची तिची सवय होती. हल्ली संध्याकाळी ती परत बोटात घालायचं राहून जायचं. घरी तिचे डॅडी, आल्बर्ट, केळीच्या बागेतून आले की पूर्वी विचारायचे, तारखेचं काय. आता विचारत नसत. त्यांचं न विचारणं तिला जास्त लागायचं. चर्चचा सण येईपर्यंत काय ते एक करायचं, हो किंवा अंगठी परत, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

त्या रविवारी ॲल्रॉय आईला घेऊन मामाकडे बाप्तिस्म्याला गेला होता. जोआना सांगितल्यापेक्षा लवकर पोचली. माडीवर भावेश एकटाच होता. त्याने जिन्यातून खाली डोकावून पाहिलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “वर ये. ज्याला यातलं काय माहीत नाय, असा कोनतरी मला पायजेच होता.”

ती वर गेली. जुन्या गाडीची सीट, पायाशी दोन पेडल, समोर तीन पडदे. भावेशने काय ओढायचं, काय दाबायचं ते सांगितलं आणि जुहूच्या धावपट्टीवर तिला सोडून दिलं. पहिल्यांदा ती समुद्रात गेली, दुसऱ्यांदा एका इमारतीत. तिसऱ्यांदा विमान उचललं गेलं आणि खाली भाईंदरची खाडी आली, रेल्वेचा पूल आला, वसईचा किल्ला आला. झाडांच्या सावल्या पाण्यावर पडत होत्या. हा माणूस एवढं सगळं करत होता आणि आपण खाली चहा पीत होतो, असं तिला वाटलं, आणि अभिमान आणि राग दोन्ही एकदमच दाटून आले.

वसईचं कुणीही माणूस पुढे जे करील तेच तिने केलं. आपलं घर शोधायला घेतलं. गिरीज सापडलं, हे घरसुद्धा सापडलं, माडीच्या पत्र्यासकट. पुढे गास यायला हवं होतं. चर्च, भातशेतं, डॅडींची केळी, सोपाऱ्याकडे जाणारा रस्ता. तिथे काहीच नव्हतं. नुसता सपाट हिरवा रंग, बिलियर्डच्या टेबलासारखा, आणि त्याच्या पलीकडे थेट निर्मळचा तलाव. तिने परत फेरी मारली. रस्ता हिरव्याच्या काठाशी येऊन तुटला होता.

“भावेश, आमचं गाव कुठंय?”

भावेशने कान खाजवला. गास ॲल्रॉयने स्वतःकडे ठेवलं होतं, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता. ते शेवटी करायचं होतं, सगळं शिकून झाल्यावर, सगळ्यात चांगलं.

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा ती अजून त्या हिरव्यावरूनच घिरट्या घालत होती. ॲल्रॉय दारात उभा राहिला. आधी भावेशकडे, मग पडद्याकडे, मग तिच्याकडे पाहून तो म्हणाला, “जो, हे असं नव्हतं दाखवायचं मला. गास अजून व्हायचंय.”

“ते दिसलं.”

“तुझ्यासाठीच ठेवलंय. ते चुकलेलं मला चाललं नसतं.”

“माहितीये,” जोआना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण विमानाचं नाक हळूहळू खाली वळत होतं. “जे तुला सगळ्यात जवळचं, ते तू सगळ्यात शेवटी ठेवतोस. गास ठेवलंस, मला ठेवलंस. चार वर्षं मला पाहुणीसारखं खाली बसवलंस, ॲल्रॉय. मला पूर्ण झालेलं नको होतं. मला बघायचं होतं.”

त्याने दोन महिने मागितले. गास करून घेतो, मग बाहेर काढू, मग लगेच फादरांकडे जाऊ.

“दोन महिन्यांनी बगळे निघतील,” ती म्हणाली. “लग्न तू याला बांधलंस, मी नाही. आता दोन्ही एकदम मोकळं कर. हे असंच बाहेर जाऊ दे, गासशिवाय. शनिवारी संध्याकाळी मी फादरांकडे लग्नाची नावं द्यायला उभी असेन. नाही आलास तर मला कळेल.” विमान कुठेतरी खाली आपटल्याचा आवाज झाला. तिने पर्स उचलली आणि ती निघाली. खाली इनेझ आंटी बाप्तिस्म्याचा केक कापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. केकचा एक तुकडा डब्यात घालून त्यांनी तो तिच्या हातात दिला.

आठवडाभर त्याचा फोन आला नाही. शनिवारी ती गासच्या चर्चजवळ जाऊन थांबली. लोक प्रार्थनेहून निघाले, पांगले, फादरांच्या ऑफिसातला दिवा लागला. तिने पर्समधली अंगठी चाचपली. कुणाच्या हाती परत पाठवायची याचाही विचार तिने करून ठेवला होता. तेवढ्यात स्कूटर आली. ॲल्रॉयचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा होता. आत्ताच बाहेर टाकलं, एवढंच तो म्हणाला. बटण दाबताना भावेशला त्याचा हात धरावा लागला होता, हे तिला पुढे भावेशकडून कळलं. आत जाऊन दोघांनी सह्या केल्या.

आता वसईच्या ख्रिश्चनांत लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वर-वधूची नावं वाचतात. या लग्नाला काही अडथळा कुणाला ठाऊक असेल तर त्याने येऊन सांगावं, असं फादर म्हणतात. सांगायला कुणी येत नाही, ती आपली रीत. जोआनाच्या वेळी मात्र गासमधले डेरिक अंकल फादरांकडे गेले.

डेरिक अंकलांच्या पुतण्याने ‘किनारा’ घेतला होता आणि अंकलांनी त्यात आपलं घर शोधलं होतं. गिरीज आहे, निर्मळ आहे, मधलं गास गायब. गिरीजच्या मुलाने गास पुसलं, आणि अशा मुलाला गासची मुलगी द्यायची, ही तक्रार त्यांनी फादरांच्या टेबलावर ठेवली, अस्सल घरच्या बोलीत आणि पुरेशा मोठ्याने. हा विवाहाला अडथळा धरता येत नाही, असं फादरांनी त्यांना गंभीरपणे समजावलं. नंतर त्यांनी ॲल्रॉयला बोलावून विचारलं की बाबा, भानगड काय आहे.

तिकडे इंटरनेटवरही धुलाई चालली होती. गोव्याच्या धावपट्टीत चाकं रुततात, एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, कच्चं आहे, वर्षभराने या. थेंबांचं कौतुक फक्त एकाने केलं. मंगळवारी ॲल्रॉय जोआनाच्या दवाखान्याबाहेर येऊन उभा राहिला. परत मागे घेऊ या, तो म्हणाला, फक्त थोडे दिवस, गास बसवतो आणि परत टाकतो. गावभर शोभा झाली आहे.

“आणि नावं?” तिने विचारलं. “तीही मागे घेऊन परत वाचायची?”

त्याने स्कूटरचा आरसा इकडे वळवला, तिकडे वळवला. मग म्हणाला, “नाही. ती राहू देत.” आणि स्कूटरची किल्ली फिरवता फिरवता, “दोन्ही राहू दे.”

त्याने काहीही मागे घेतलं नाही. गास राहिलं आहे, चूक माझी, असं त्याने स्वतःच्या नावाने लिहून टाकलं. त्याचा एक परिणाम असा झाला की डेरिक अंकल फोनमध्ये घराचे, विहिरीचे आणि तीन म्हशींचे फोटो भरून गिरीजला हजर झाले आणि माडीवर ॲल्रॉयच्या खुर्चीमागे ठाण मांडून बसले. विहीर घराच्या डावीकडे आहे, उजवीकडे नाही, हे त्यांनी त्याला दिवसातून तीनदा सांगितलं. आल्बर्टही एकदा जाऊन आले. घरी आल्यावर म्हणाले, मुलगा ऐकून घेतो. चार वर्षांत त्याच्याबद्दल ते पहिल्यांदाच काही चांगलं बोलले होते.

तिसऱ्या रविवारी नावं वाचली तेव्हा डेरिक अंकलांना नेमका खोकला आला. सगळं चर्च वळून त्यांच्याकडे बघू लागलं. अंकलांनी हात जोडून मान हलवली, काही नाही, काही नाही.

त्या दुपारी जोआनाने घरी लॅपटॉप उघडला. भावेशने तिच्यासाठी ‘किनारा’ घालून दिला होता. ती जुहूहून उडाली, एकदाही न आपटता खाडी ओलांडली आणि गासवर आली. हिरव्या सपाटीच्या एका कोपऱ्यात डेरिक अंकलांचं घर उभं होतं, विहीर डावीकडे. बाकी सगळं अजून कोरं. तिने खाली उतरायचा प्रयत्न केला नाही. तक्रार नोंदवायची जागा उघडली आणि इतर लोक भरतात तशी तीही भरू लागली.

काय चुकतंय? ‘गास गाव दिसत नाही.’

कधीपासून? ‘चार वर्षं.’

किती तातडीचं आहे, असा शेवटचा प्रश्न होता. नावं वाचून झाल्यावर घरी कापलेल्या केकच्या आयसिंगने बोटातली अंगठी अजून जरा चिकट होती. ती तिने पदराला पुसली. मग लिहिलं, ‘आता घाई नाही. आधी लग्न करा,’ आणि पाठवून दिलं.