आर्डिथचा फ्रिज

दक्षिणेत, वाळवंटाच्या काठावरच्या युमा गावाजवळच्या आमच्या पार्कात सगळी म्हातारीच माणसं. उत्तरेत बर्फ पडायला लागला की आपापली चाकांवरची घरं घेऊन खाली यायचं आणि एप्रिलात परतायचं. मी मिनेसोटाचा, व्हर्लिन स्टोक्के. चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त करण्यात गेली. बायको वारल्यावरही येत राहिलो. शेजारी आर्डिथ माउरर, नॉर्थ डकोटातली निवृत्त शिक्षिका, नवरा वॉल्टर वारल्यापासून तीही एकटी. संध्याकाळी आम्ही पत्ते खेळायचो. सूप तिचं, पाव माझा.

दर जानेवारीत मात्र ती गाडी काढायची आणि दोन महिने वाळवंटात जाऊन राहायची. तिथं वीज नाही, नळ नाही. तिचा फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालायचा, म्हणून जमायचं. ते दोन महिने मला खायला उठत.

त्या डिसेंबरात ती माझ्या दारात आली. "व्हर्लिन, दूध पुन्हा नासलं. बघतोस जरा?"

मी तिच्या गाडीच्या बाहेरची जाळी काढली. फ्रिजमागच्या चिमणीतून गंजाचे पापुद्रे पडून ज्योतीवर साचले होते. ज्योत पिवळी पडली होती, एवढंच. हवा मारून साफ करायला दहा मिनिटं लागली असती.

"काय झालंय?" तिनं विचारलं.

"संपलाय तो," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. मग खोट्याला टेकू द्यावा लागला. "आत गारवा करतो तो अमोनिया गळतोय. घरात वापरतात तसला साधा विजेचा बसवून टाकू. मोठा असतो, बर्फही धरत नाही."

"पण मग वाळवंटात?"

"एखादं वर्ष इथंच थांब की."

तिनं काढून ठेवलेली जाळी उचलून हातात घेतली. मग म्हणाली, "तुला कळतं त्यातलं. तू म्हणतोस तर बसव."

नवा फ्रिज दारातून आत जाईना. समोरची काच काढली, आणि पलीकडच्या रांगेतला डेल्बर्ट हात लावायला आला. "अरे, फ्रिज आत घालतोस की तिला बाहेर पडू देत नाहीस?" तो हसत म्हणाला. तो गंमत करत होता. मला मात्र त्याच्याकडे बघवेना. गॅसच्या नळीला टोपण ठोकलं, जुनी जाळी आतून बंद केली, फ्रिज पट्ट्यांनी भिंतीला आवळला. काम चोख झालं. जुना फ्रिज मी त्याच दिवशी भंगारात देऊन आलो. तो कुणी उघडून बघू नये, एवढीच घाई होती.

जानेवारी आला. वाळवंटात जाणाऱ्या गाड्या एकेक करून निघाल्या. आर्डिथ खुर्ची टाकून त्यांना हात करत होती. संध्याकाळी नेहमीसारखी सूप घेऊन आली. मला हवं होतं तेच झालं होतं. पण पत्ते वाटताना ती दोनदा चुकली.

"तिथं काय असतं एवढं?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणून तर जाते. वॉल्टर गेल्यावर पहिल्यांदा मी तिथंच मोकळेपणी रडले. इथं रडलं की कुणीतरी केक घेऊन येतं."

सूप मी अर्धवटच ठेवलं. पुढचे चार दिवस मी काही ना काही सबब सांगून तिला टाळलं. पाचव्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "आर्डिथ, तुझा फ्रिज बिघडला नव्हता. नुसता गंज साचला होता. तू जाऊ नयेस म्हणून मी खोटं बोललो."

ती भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला.

"खरं सांगून थांब म्हणाला असतास तर?"

"थांबली असतीस?"

"नाही," ती म्हणाली. "पण नाही म्हणायची संधी तरी मिळाली असती मला. जा आता."

तिला जाता यावं म्हणून मी तिच्या छपरावर सौरविजेचे पॅनेल बसवले, खाली मोठ्या बॅटऱ्या, आणि त्या विजेवर फ्रिज चालेल असं यंत्र. तीन दिवस लागले. तिनं शिडी धरली, पण कॉफी विचारली नाही. काम झाल्यावर सगळी बटणं तिनं एकेक करून स्वतः दाबून पाहिली, वहीत लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी निघून गेली. मी हात केला. तिनं आरशात पाहिलं की नाही, कळलं नाही.

मार्चअखेरीस ती परतली ती पार्कच्या दुसऱ्या टोकाला. डेल्बर्टनं विचारलं, "काय रे, भांडलात का?" मी म्हणालो, "चूक माझी आहे." त्यानं पुढं काही विचारलं नाही. संध्याकाळी मी एकट्यापुरता पाव भाजायचो आणि अर्धा टाकून द्यायचो.

निघायच्या आदल्या आठवड्यात ती दाराशी आली. "हीटर पेटत नाहीये. उत्तरेत अजून थंडी आहे. बघ, आणि खरं सांग."

मी बघितलं. हीटरचा पंखा खरोखरच जळाला होता, नवा घालावा लागणार होता. पण माझ्या शब्दाला आता काय किंमत होती? टॉर्च तिच्या हातात दिला, बाजूला सरकलो आणि म्हणालो, "इथं वाक. ही पंख्याची काळी पडलेली तार दिसते? तूच बघ."

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. "दिसली," ती म्हणाली. "घाल नवा."