रिकाम्या रापणीचा वाटा

टोबॅगोच्या कॅलबॅश बेमध्ये सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याची रापण कधी टाकायची, हे पेलिकन ठरवत. पक्षी धडाधड पाण्यात घुसायला लागले की कॅप्टन क्वामिना होडी लोटायला सांगे. नाही घुसले तर बदामाच्या झाडाखाली डॉमिनोचा डाव पडे. एकेचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात काही सुधारणा हवी आहे असं कुणाला वाटलं नव्हतं, कारण सुधारणा करणारा माणूस अजून तिथे पोचला नव्हता.

यंदा तो पोचला. पर्यटन खात्याचे मिस्टर टॉपिन, वय अठ्ठावीस, शर्टाला कडक इस्त्री. दर मंगळवारी सकाळी दहा वाजता पाहुण्यांनी गावकऱ्यांबरोबर रापण ओढायची, अशी त्यांची योजना. आज पहिला प्रयोग, त्याच्या पैशांचं पाकीट कॅप्टनला आगाऊ मिळालेलं. प्रयोग जमला तर वर्षभराच्या करारावर सही. कॅप्टनच्या जाळ्यात आता जाळ्यापेक्षा गाठी जास्त होत्या, म्हणून तो हो म्हणाला होता.

"आज मासा नाही," पाण्याकडे बघत कॅप्टन म्हणाला.

"आज मंगळवार आहे, कॅप्टन."

"ते माशांना कळवलंस का?"

"बत्तीस पाहुणे येताहेत. त्यांना ओढायचंय. मासा पाहिजेच असं कुठंय?"

माशाशिवाय रापण ही कल्पना कॅप्टनच्या डोक्यात शिरेपर्यंत बस येऊन उभी राहिली.

पाहुण्यांनी मात्र जीव तोडून ओढलं. एकाची चप्पल वाहून गेली, तरी त्यानं दोर सोडला नाही. डॉमिनोवाले म्हातारे डाव अर्धवट टाकून मजा बघायला आले. "अरे, त्या लाल झालेल्या साहेबाला सावलीत घ्या कुणीतरी, हा दुपारपर्यंत भाजून तयार होईल!" शेवटी जाळ्याची खोळ वाळूवर आली. आत दोन जेलीफिश आणि गाल फुगवलेला, खाण्याजोगा नसलेला एक मासा. त्याला कॅप्टननं परत पाण्यात सोडलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याच कॅप्टनला फार लागल्या.

कारण कॅलबॅश बेमध्ये दोराला हात लावला की वाटा मिळतो. हात पाद्रीबाबाचा असो, दारुड्याचा असो, नाहीतर बायकोला सोडून गेलेल्या जावयाचा. मासळी थोडी आली त्या दिवशी कॅप्टनच्या बापानं शेवटचा मासाही दुसऱ्याला देऊन घरी नुसती उकडलेली कच्ची केळी खाल्ली होती. या किनाऱ्यावरून रिकाम्या हातानं कुणी गेलेलं नव्हतं. आणि आता बत्तीस माणसं हाताची वाळू झटकत बसकडे निघाली होती.

"थांबा," कॅप्टन ओरडला. "वाटा घेतल्याशिवाय कुणी हलायचं नाही."

तो तरातरा रस्ता चढून मिस आयस्मेच्या दुकानात गेला आणि पाकीट तिच्यापुढे ठेवलं. "तारलीचे डबे. बत्तीस."

"वादळबिदळ येतंय का रे?"

"त्याहून वाईट. पाहुणे आलेत."

"रापणीचा कॅप्टन डब्यातले मासे नेतोय. मी हे बघितलं नाही असं धरू?"

"बघ, गावभर सांग, पण आधी ती पिशवी धर."

पाहुणे रांगेत उभे राहिले. कॅप्टननं प्रत्येकाच्या हातात, नजरेला नजर न देता, टोमॅटो सॉसमधल्या तारल्यांचा एकेक डबा ठेवला. लोकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. एकानं तर डोक्यावरची टोपी काढली.

"अप्रतिम!" टॉपिन गहिवरले. "इतकी जुनी प्रथा, आणि आमच्या अहवालात तिचा उल्लेखच नाही!" त्यांनीही हात पुढे केला.

"तू दोर ओढलास?"

"मी फोटो काढत होतो."

"मग फोटो खा."

रांगेत शेवटी मिसेस हॅलाम होत्या, इंग्लंडमधल्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी डबा उलटा करून पाहिला. "यावर किंमत चिकटवलेली आहे."

कॅप्टनला वाळूत शिरावंसं वाटलं. "दुकानातले आहेत, बाई. समुद्रात आज काही नव्हतं."

"तुम्ही रस्ता चढून गेलात तेव्हाच कळलं मला."

"तरी घेतलात?"

"तुमचा चेहरा बघून नाही म्हणवेना." त्यांनी डबा पिशवीत टाकला. "मी अजून नऊ दिवस इथे आहे. मासे दिसले तर मला हाक मारा. मी चढावरच्या हिरव्या घरात उतरलेय. मासळी नसेल तर बोलावू नका."

इतक्यात टॉपिन करार घेऊन आले. "सही करा, कॅप्टन. डबे दर मंगळवारी आमच्याकडून."

कॅप्टननं कागद दूर धरून वाचला. "डबे नकोत. पक्षी दिसले की मी तुला फोन करीन, तू बस आण. पाहुणे ओढतील, मासळी येईल, वाटा घेऊन जातील."

"पण वेळ? इथे वेळेचा रकाना आहे. तो मोकळा ठेवला तर वरून कागद परत येतो."

"मोकळा नको ना? आण पेन."

त्यानं 'दर मंगळवारी सकाळी दहा' यावर शांतपणे रेघ मारली, रकान्यात ठळक अक्षरांत 'बहुधा' असं लिहिलं आणि खाली सही केली. टॉपिननी तो कागद बराच वेळ न्याहाळला. मग खिशातून शिक्का काढून त्यावर उमटवला, कारण रकाना भरलेला होता.